घरात पन्नास जनावरं अन् वैरणीचा पत्ता नाही. कायदा काय म्हणतो, गाव काय करू शकतं?

गावाच्या कडेला असं एखादं घर तुम्हीही बघितलं असेल. सुरुवातीला दोन कुत्री होती. कुणी रस्त्यावरचं पिल्लू आणून सोडलं, ती तीन झाली. पुढे त्यांनाच पिल्लं झाली. आज तिथे नक्की किती आहेत ते घरच्यांनाही सांगता येत नाही. काही साखळीला, काही न्हाणीघरात, काहींच्या अंगावर खरूज. शेजारचा माणूस वासाने हैराण झालाय. शाळेत जाणारी पोरं लांबच्या वाटेने जातात. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला कुणी बोललं की तो म्हणतो, "मी नाही बघितलं तर यांना कोण बघणार?"

कुत्र्यांच्या जागी कुठे मांजरी असतात, कुठे शेळ्या. कुठे रस्त्यावरची भाकड जनावरं गोळा करून एका पत्र्याच्या शेडमध्ये दाटीने बांधलेली असतात. हेतू चांगला असतो, पण जनावर उपाशी असतं. मग गावात दोन तट पडतात. एक म्हणतो, "त्याच्या घरात तो काहीही पाळेल, तुम्ही कोण?" दुसरा म्हणतो, "उचला सगळी आणि सोडा जंगलात." कायद्याच्या नजरेने बघितलं तर दोघंही चुकतात. कुठे चुकतात, तेच आज समजून घेऊ.

किती जनावरं पाळायची, याला मर्यादा आहे का?

आपल्या देशात "जनावरांचा साठा" या नावाचा वेगळा गुन्हा नाही. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्याने २००१ मध्ये आपल्या प्राणी कायद्यात अशा माणसाची व्याख्याच घातली. भरपूर जनावरं ठेवणारा, त्यांना नीट सांभाळू न शकणारा, दाटीवाटीत कोंडणारा आणि आपल्या हातून त्यांचे हाल होतायत हे ज्याला कळतच नाही, असा माणूस. आपल्याकडे अशी व्याख्या नाही आणि खेड्यातल्या घरात किती जनावरं असावीत याचा सरसकट आकडाही नाही.

त्यामुळे चाळीस शेळ्या, दहा म्हशी किंवा पाच कुत्री बाळगणाऱ्याने घाबरायचं कारण नाही. कायदा डोकी मोजत नाही, हाल बघतो. शंभर शेळ्या असून गोठा हवेशीर, पाणी-चारा वेळेवर आणि लसीकरण झालेलं असेल तर तो पशुपालक आहे. उलट दोनच कुत्री आहेत, पण हातभर दाव्याला बांधून उपाशी ठेवलीत, तर तो गुन्हा आहे.

शहराचा मामला थोडा वेगळा. महाराष्ट्रात १९७६ चा एक राज्य कायदा आहे, नागरी भागात गुरं पाळण्यावर आणि त्यांची ने-आण करण्यावर नियंत्रण ठेवणारा. तो जिथे लागू आहे तिथे गोठ्याला परवाना लागतो. मुंबई महापालिकेच्या १८८८ च्या कायद्यातही शेजाऱ्यांना उपद्रव होईल अशा रीतीने जनावर पाळायला मनाई आहे. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात हडपसर भागातल्या एका फ्लॅटमध्ये तीनशेच्या आसपास मांजरी असल्याचं समोर आलं. शेजाऱ्यांनी वासाची आणि आवाजाची तक्रार केली आणि महापालिकेने मांजरी हलवण्याची नोटीस काढली. खेड्यात महापालिका नाही, परवानाही नाही. म्हणून आपल्याला दुसऱ्या कलमांकडे जावं लागतं.

कायदे कुणी करायचे?

राज्यघटनेत याची वाटणी झालेली आहे. जनावरांवरची क्रूरता रोखणं हा केंद्र आणि राज्य दोघांचा विषय. पशुधन जपणं, जनावरांचे रोग रोखणं आणि कोंडवाडे हे राज्याचे विषय. नगरपालिकांना जी कामं सोपवता येतात त्या यादीत "कोंडवाडे आणि प्राण्यांवरील क्रूरता रोखणे" असं स्पष्ट लिहिलेलं आहे. ग्रामपंचायतीच्या यादीत पशुसंवर्धन येतं. शिवाय गावची स्वच्छता आणि आरोग्य ही तिची कामं आहेतच.

म्हणजे एकच मोठा कायदा शोधत बसू नका. केंद्राचा क्रूरतेचा कायदा, राज्याची यंत्रणा आणि ग्रामपंचायतीचे अधिकार असे तीन धागे एकत्र वळले की दोर तयार होतो.

मुख्य कायदा १९६० चा

प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, १९६० हा यातला पाया. त्याचं कलम ३ सांगतं की जनावर ज्याच्या ताब्यात आहे, त्याने त्याची नीट काळजी घेतलीच पाहिजे. पुढे कलम ११ मध्ये कशाकशाला क्रूरता म्हणायचं याची यादी आहे. आपल्या विषयाला लागू पडणाऱ्या गोष्टी अशा:

– जनावराला पुरेसं अन्न, पाणी किंवा निवारा न देणं
– हालचाल करता येणार नाही इतक्या लहान पिंजऱ्यात किंवा खुराड्यात कोंडणं
– फार आखूड किंवा फार जड साखळीने बराच काळ बांधून ठेवणं
– कायम बांधलेल्या किंवा कोंडलेल्या कुत्र्याला फिरवायला न नेणं
– जनावर भुकेने-तहानेने तडफडेल अशा अवस्थेत ते विनाकारण सोडून देणं

यात "मालक" म्हणजे कोण, हेही बघा. पुष्कळ जण म्हणतात, "ही माझी कुत्री नाहीत, आपोआप येतात." पण या कायद्यात मालक म्हणजे नुसता विकत घेणारा नाही. त्या घडीला जनावर ज्याच्या ताब्यात आहे, तोही मालकच धरला जातो. म्हणून दारात कुणी सोडलेली पिल्लं तुम्ही आत घेऊन कोंडली की जबाबदारी तुमची.

हाच नियम गोशाळेला आणि प्राणी वाचवणाऱ्या संस्थेलाही लागू आहे. बोर्डावर "सेवा" लिहिलं आणि नोंदणी झाली म्हणून जनावर उपाशी ठेवायची मुभा मिळत नाही.

हाल होतायत हे ओळखायचं कसं?

यासाठी सुप्रीम कोर्टाचा एक निकाल उपयोगी पडतो. बैलगाडा शर्यती ज्या निकालाने बंद झाल्या होत्या, तोच ७ मे २०१४ चा निकाल. पुढे राज्याने २०१७ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली आणि मे २०२३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती मान्य केली. पण २०१४ च्या निकालात कोर्टाने जनावरांच्या ज्या पाच मोकळीकी सांगितल्या, त्या ध्यानात ठेवण्यासारख्या आहेत. आपल्या बोलीत सांगायचं तर हे पाच प्रश्न:

१. जनावर उपाशी-तहानलेलं आहे का? बरगड्या दिसतायत का?
२. ऊन, पाऊस, थंडीपासून आडोसा आहे का? बसायला कोरडी जागा आहे का?
३. आजारी किंवा जखमी जनावराला औषध मिळतंय का, की तसंच पडून आहे?
४. ते सतत भेदरलेलं असतं का? एकमेकांना चावून जखमा झाल्यात का?
५. उठणं, वळणं, चालणं, आपल्या जातीच्या स्वभावाप्रमाणे वागणं त्याला जमतंय का?

तक्रार करताना "लई कुत्री पाळलीत" असं मोघम लिहू नका. या पाच प्रश्नांची उत्तरं लिहा. अधिकाऱ्याला कलम लावायला तीच लागतात.

शिक्षा मात्र जुन्या काळातली

आता कायद्याची कमजोर बाजू. कलम ११ खाली पहिल्या गुन्ह्याला दंड आहे १० ते ५० रुपये. होय, पन्नास रुपये. तीन वर्षांच्या आत परत तोच गुन्हा केला तर २५ ते १०० रुपये दंड, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. १९६० साली पन्नास रुपयांना वजन होतं. आज तेवढ्यात पेंडही मिळत नाही. शिक्षा वाढवण्याच्या दुरुस्तीचा मसुदा केंद्राने २०२२ मध्ये लोकांसमोर ठेवला होता.

दुसरी अडचण पोलिसांची. जनावर उपाशी ठेवणं हा या कायद्याखाली अदखलपात्र गुन्हा आहे. म्हणजे ठाण्यात एनसी होते, आणि पुढच्या तपासाला न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते. "पोलिसांनी नुसती एनसी घेतली" म्हणून लोक चिडतात, पण त्याचं मूळ कायद्यातच आहे.

तिसरी गोष्ट मुदतीची. या कायद्याखालचा खटला गुन्हा घडल्यापासून तीन महिन्यांत दाखल व्हावा लागतो. म्हणून फोटोवर तारीख हवी आणि अर्ज वेळेत हवा. "दिवाळीनंतर बघू" म्हणाल तर मुदत निघून जाईल.

मग या कायद्यात दम कुठे आहे?

दंडात नाही, जनावर सोडवण्यात आहे. चार तरतुदी ध्यानात ठेवा.

कलम ३४: शिपायाच्या वरच्या हुद्द्याचा कोणताही पोलीस, म्हणजे हवालदारसुद्धा, गुन्हा घडतोय असं वाटलं तर जनावर ताब्यात घेऊन तपासणीसाठी दंडाधिकारी किंवा पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांपुढे नेऊ शकतो.

कलम ३३: लेखी माहिती मिळाली आणि चौकशीत तथ्य दिसलं, तर दंडाधिकारी किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक त्या जागेच्या झडतीचं वॉरंट देऊ शकतात. "लेखी" हा शब्द महत्त्वाचा. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ फिरवल्याने वॉरंट निघत नाही.

कलम ३५: आजारी जनावर बरं होईपर्यंत दवाखान्यात किंवा पांजरपोळात ठेवायचा हुकूम दंडाधिकारी देऊ शकतात. खर्च मालकाचा. पण मालक गरीब असेल तर उपचाराचा खर्च माफ करायची सोयही याच कलमात आहे. म्हातारीकडे पैसे नाहीत म्हणून जनावर उपचाराविना मरू द्यायची गरज नाही.

कलम २९: दोषी ठरलेल्या मालकाकडे जनावर परत गेलं तर त्याचे पुन्हा हाल होतील असं कोर्टाला पटलं, तर कोर्ट त्या जनावरावरचा त्याचा हक्कच काढून घेऊ शकतं.

मेख आहे ती याच कलम २९ मध्ये. "या माणसाने यापुढे जनावर पाळायचंच नाही" असा हुकूमही कोर्टाला देता येतो. मात्र त्याच्या अटी आहेत. तशी मागणी मूळ तक्रारीतच लिहिलेली असावी लागते. आणि जिथे ते जनावर पाळायला परवाना लागतो, अशाच भागात गुन्हा घडलेला असावा लागतो. आपल्या खेड्यात बहुतेक जनावरांना असा परवानाच नाही. म्हणजे आज त्याच्या दारची वीस कुत्री नेली, तरी उद्या त्याने एकविसावं आणलं तर बंदी मोडल्याचा गुन्हा होत नाही, कारण बंदीच घालता आलेली नसते. अशा घरी सहा महिन्यांत पुन्हा दाटी होते ती यामुळे. ती रोखायची तर कोर्टापेक्षा गावाचं लक्ष जास्त कामाला येतं.

शेजाऱ्यांच्या त्रासाचं काय?

जनावराचे हाल हा एक भाग, माणसाच्या आरोग्याचा दुसरा. यासाठी वेगळे कायदे आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम २९१ खाली, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. सार्वजनिक उपद्रवाचं कलम २९२ आहे. त्यात एक हजारापर्यंत दंड आहे.

जास्त कामाचं आहे ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १५२. जुन्या सीआरपीसीचं १३३ ते हेच. लोकांच्या आरोग्याला किंवा सोयीला बाधा येत असेल तर प्रांताधिकारी सशर्त हुकूम काढू शकतात: इतक्या दिवसांत उपद्रव दूर कर, नाहीतर येऊन तुझं म्हणणं मांड. यात समोरच्याला बोलायची संधी मिळते, म्हणून हा हुकूम टिकतो. ग्रामपंचायतीचा ठराव, आरोग्य केंद्राचा अहवाल आणि पशुवैद्यकाचा दाखला सोबत असला तर अर्जाला जोर येतो.

रोगाचं भय असेल तर २००९ चा जनावरांच्या संसर्गजन्य रोगांचा कायदा आहे. रोगाचा संशय आला की मालकाने गावच्या अधिकाऱ्याला किंवा ग्रामपंचायतीला कळवायचं, त्यांनी जवळच्या पशुवैद्यकाला कळवायचं, आणि आजारी जनावर निरोग्यांपासून वेगळं बांधायचं. २०२२ मध्ये लम्पी आला तेव्हा बाजार बंद झाले, ने-आण थांबली, हे सगळ्यांनी बघितलंय. चाळीस जनावरं दाटीने बांधलेल्या शेडमध्ये असा रोग शिरला तर तो त्या शेडपुरता राहत नाही, अख्ख्या गावच्या दावणीला येतो. आणि पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यातून माणसाला रेबीज झाला, लक्षणं दिसायला लागली, की माणूस हाती लागत नाही. त्यामुळे लस टोचलेली आहे का, हा प्रश्न विचारायचा हक्क शेजाऱ्याला आहेच.

सगळ्यात अवघड प्रश्न: सोडवलेली जनावरं ठेवायची कुठे?

कायदा सांगतो, जनावर ताब्यात घ्या. पण चौकीत पंचवीस कुत्री किंवा चौदा गायी कुठे बांधणार? २०१७ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे खटला चालू असताना अशी जनावरं पांजरपोळ, गोशाळा किंवा प्राणी कल्याण संस्थेकडे ठेवता येतात आणि खर्चाचा भार मालकावर टाकता येतो. कागदावर हे ठीक आहे. पण मार्च २०१५ पासून राज्यात गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, आणि पकडलेली, सोडलेली, भाकड जनावरं सगळी याच गोशाळांत येतात. जागा तेवढीच, चारा तेवढाच, जनावरं वाढत जातात. सप्टेंबर २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने गोशाळांतल्या देशी गायींसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान मंजूर केलं. आजच्या कडब्याचा भाव धरून त्यात किती भागतं, ते पशुपालकाला सांगायला नको.

म्हणून एका दाटीतून सोडवलेली जनावरं दुसऱ्या दाटीत नेऊन घातली असं होऊ नये. आधी पशुवैद्यकाकडून मोजणी आणि तपासणी करून घ्या. कुठली उपचाराला न्यायची, कुठली दुसरे पशुपालक सांभाळायला घेतील, कुठली मालकाकडेच नीट राहू शकतील, याची वाटणी करा. दहापैकी तीन जनावरं त्या म्हाताऱ्याकडे राहिली आणि ती धडधाकट राहिली, तर ते सगळ्यांच्याच भल्याचं आहे.

हे मात्र अजिबात करू नका

रात्री टेम्पोत घालून दुसऱ्या गावात सोडणं: आपली जनावरं अशी सोडली तर तो वर दिलेला कलम ११ चा गुन्हा. भटकी कुत्री उचलून परगावी सोडणं २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत बसत नाही. नसबंदी करा, लस टोचा आणि जिथून उचललं तिथेच सोडा, हा त्या नियमांचा गाभा. पिसाळलेल्या किंवा अंगावर येणाऱ्या कुत्र्यांना यातून वगळलंय. तसंच शाळा, दवाखाने, बसस्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवून निवाऱ्यात ठेवायचा आदेश सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये दिला. पण ते काम स्थानिक संस्थेचं. आपण काठ्या घेऊन जायचं नाही.

विष घालणं: जनावर मारणं, विष देणं किंवा लुळं-पांगळं करणं याला न्याय संहितेच्या कलम ३२५ खाली पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि हा गुन्हा दखलपात्र आहे. थोडक्यात, उपाशी ठेवणाऱ्याला पन्नास रुपये, आणि चिडून विष घालणारा शेजारी पाच वर्षं आत. हिशेब लक्षात ठेवा.

मोकाट गुरं परस्पर डांबणं: पिकात शिरलेली गुरं कोंडवाड्यातच द्यावीत. त्याची तरतूद ग्रामपंचायत कायद्यात आहे. घरी डांबून पैसे मागितले तर उलट तुमच्यावर शेकेल.

पोपट, कासव, ससे पाळले असतील तर?

घरात पिंजऱ्यात आपला रानातला हिरवा पोपट असेल तर वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ लागू होतो. इथे मात्र एकसुद्धा चालत नाही. खायला-प्यायला कितीही चांगलं दिलं तरी तो गुन्हाच. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. तारांकित कासवासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यांना याहून कडक शिक्षा आहे. रानससा पाळणं हाही गुन्हाच. वन विभागाची हेल्पलाइन आहे १९२६. विक्रीसाठी कुत्र्यांची पैदास करत असाल तर २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही.

गावाने काय करायचं? पायरी पायरीने

पहिली पायरी, बोलणं. पोलीस पाटील, सरपंच किंवा त्या घराशी नातं असलेलं कुणीतरी जाऊन बसा. जनावरं काढायची भाषा पहिल्याच दिवशी नको. "डॉक्टरांना बोलावू का? लस टोचून घेऊ का?" इथून सुरुवात करा.

दुसरी, पशुवैद्यक. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा क्रमांक आहे. गुरांच्या कानाला १२ अंकी बिल्ला आहे का बघा. १ जून २०२४ पासून बिल्ल्याशिवाय गुरांच्या खरेदी-विक्रीला राज्यात बंदी आहे. नोंद झाली की जनावरं किती आणि कुणाची, हा वाद मिटतो.

तिसरी, नसबंदी. कुत्र्या-मांजरांत नर-मादी वेगळे केले नाहीत किंवा नसबंदी केली नाही, तर बाकी सगळी मेहनत वाया. दाटी माणसामुळे जेवढी होते तेवढीच पिल्लांमुळे होते.

चौथी, ग्रामपंचायत. मासिक सभेत विषय घ्या. ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून पाहणी करून घ्या. सांडपाणी, मेलेली जनावरं, दुर्गंधी याबद्दल लेखी नोटीस द्या आणि पोहोच ठेवा.

पाचवी, लेखी तक्रार. ती पोलीस ठाण्यात द्या आणि प्रत जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला पाठवा. प्रत्येक जिल्ह्यात अशी सोसायटी असावी असा २००१ चा केंद्रीय नियम आहे. जिल्हा पशुसंवर्धन कार्यालयात चौकशी करा. अर्जात तारीख, जागा, जनावरांची अंदाजे संख्या, त्या पाच प्रश्नांची उत्तरं, फोटो आणि साक्षीदार असावेत. गरज वाटत असेल तर कलम २९ प्रमाणे मालकी काढून घेण्याची मागणीही त्यातच लिहा. जनावर मरणाच्या दारात असेल तर थेट ११२ लावा.

सहावी, प्रांताधिकाऱ्यांकडे अर्ज. आरोग्याचा धोका असेल आणि वरच्या कशाने भागलं नाही तर.

माणसालाही विसरू नका

अशा घरात बऱ्याचदा एकटा माणूस असतो. कुणाचा जोडीदार गेलेला असतो, कुणाची मुलं शहरात असतात. त्याला जनावरांचे हाल दिसत नाहीत, कारण त्याच्या मते तोच त्यांना वाचवतोय. डॉक्टर याकडे मनाच्या आजाराचा भाग म्हणूनही बघतात. नुसती जनावरं उचलून नेली आणि तो माणूस रिकाम्या घरात तसाच सोडला, तर तो पुन्हा जमवणार. टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. जिल्हा रुग्णालयातही मानसिक आरोग्याचे डॉक्टर असतात. आशाताईंना त्या घरी चक्कर मारायला सांगा.

आणि शेवटचं, ज्यांच्याकडे आज जनावरं जास्त झालीत त्यांच्यासाठी. दुष्काळात चारा संपला, तब्येत साथ देईना, दूध विकून भागेना, अशी वेळ कुणावरही येते. दावणीची जनावरं उपाशी राहायला लागली की आधी गावाला सांगा, डॉक्टरला सांगा. मदत मागितली म्हणून कुणी गुन्हेगार होत नाही. दार लावून घेतलं आणि आत जनावर तडफडून मेलं, की मात्र गुन्हा होतो.